जिगसॉची मूठ: सोलोथर्न ते भोकरदन

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना दोन-तीन गोष्टी राहून गेल्या होत्या, त्या इथे भरल्यात. बाकी बोललो तसंच ठेवलंय, त्यामुळे मध्येच "बघा" आणि "म्हणजे" आले तर सांभाळून घ्या.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आज आपण एका यंत्राच्या मुठीचा इतिहास बघणार आहोत. यंत्र म्हणजे जिगसॉ, बॅटरीवर चालणारी छोटी करवत. आणि प्रश्न असा, की तिची मूठ कोणती घ्यावी?

तर झालं असं. गेल्या दिवाळीत आम्ही गावाकडचं माळवद उतरवलं. आमचं गाव भोकरदन तालुक्यात, जालना जिल्हा. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, वडील जालन्यात, गावात फक्त आजोबा. त्यांना आम्ही आबा म्हणतो. ज्यांनी माळवद बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या किलच्या, त्यावर काड्या-पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत माठासारखं गार. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि अशा मातीच्या जड छताखाली झोपायचं म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाच्या पोटात गोळा यायला लागला. आमचं माळवद त्यानंतरही बरीच वर्षं टिकलं, पण शेवटी गळायला लागलं आणि स्लॅबचं ठरलं.

जुनं लाकूड घेणारा टेम्पो घेऊन आला. सौदा होत आला होता तेवढ्यात आबा म्हणाले, "दोन तुळया राहू दे."

"कशाला आबा?"

"ताईला कितवा महिना?"

"सातवा."

"मग? पाळणा नको का?"

आबा सुतार. आयुष्यभर तेच काम केलं. आता ८३ वय, आणि बोटांना संधिवात. अंगठा नीट फाकत नाही, पहाटे तर मूठच वळत नाही. म्हणाले, "मी सांगतो, तू कर." मला बीटेकमध्ये वर्कशॉपच्या तासाला केलेला एक हाफ-लॅप जॉइंट एवढाच अनुभव, आणि तोही हलत होता. पण "नाही" कोण म्हणणार?

पाळण्याच्या दोन्ही टोकांच्या फळ्यांना वरून महिरपीसारखी गोलाई द्यायची होती. गोल वळण सरळ करवतीनं होत नाही. तिथे जिगसॉ लागते. म्हणून जालन्यात दुकानात गेलो.

दुकानदारानं काउंटरवर दोन यंत्रं ठेवली. कंपनी एक, बॅटरी एकच, १८ व्होल्ट. फरक फक्त धरायच्या जागेचा. एकीला वर कमानीसारखी मूठ, आत बोट घालून दाबायचा खटका. तिला डी-हँडल म्हणतात, इंग्रजी डी अक्षरासारखी दिसते म्हणून. दुसरीला मूठच नाही. यंत्राचं अंग म्हणजे मोटर ज्या नळीत असते ती नळीच हातात धरायची. तिला बॅरल ग्रिप म्हणतात. खटका नाही, बाजूला बटण. एकदा चालू केलं की बंद करेपर्यंत चालू.

"सगळे डी-हँडलच नेतात सर," दुकानदार म्हणाला.

आता मी इंजिनीअर. "सगळे नेतात" हे कारण मला पुरत नाही. घरी आलो, एक्सेल शीट काढली, रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघितले. तिकडे तर दोन पंथच आहेत. युरोपातले सुतार बॅरलवाले, अमेरिकेतले बहुतेक डी-हँडलवाले, आणि दोघांना वाटतं समोरच्याला अक्कल नाही. पण एकाच कामाच्या यंत्राला दोन मुठी आल्या कुठून, हे फारसं कोणी सांगत नव्हतं. मग मी ते शोधत गेलो. हा भाग त्यातूनच तयार झाला.

पहिला थांबा स्वित्झर्लंड. सोलोथर्न नावाचं शहर. तिथे सिंटिला नावाची कंपनी होती, मुळात इंजिनांना ठिणगी देणारे मॅग्नेटो बनवणारी. नावातच ठिणगी आहे, लॅटिनमध्ये सिंटिला म्हणजे ठिणगी. तिथे आल्बर्ट काउफमान नावाचे इंजिनीअर होते. १९४६ साली त्यांनी बायकोच्या शिवणयंत्राची सुई काढली आणि तिथे करवतीचं पातं लावलं. कल्पना करा, आपल्या घरातल्या उषा मशीनला कोणी असं केलं तर घरात काय होईल! पण डोकं बघा. शिवणयंत्र काय करतं? फिरणारी गती घेतं आणि तिची वर-खाली गती करतं. सुईला कापड टोचायला जी गती लागते तीच पात्याला लाकूड कापायला लागते. १९४७ मध्ये कंपनीनं हे यंत्र लेस्टो नावानं बाजारात आणलं. १९५४ मध्ये सिंटिला बॉशच्या हाताखाली आली आणि हे यंत्र जगभर गेलं.

सुरुवातीच्या या यंत्राला वेगळी मूठ नव्हती. मोटरची नळी आणि पुढे पातं, धरायचं ते अंगालाच. म्हणजे बॅरल ग्रिप ही नंतर सुचलेली हुशारी नाही, ते जिगसॉचं मूळ रूप आहे.

दुसरा थांबा अमेरिका, आणि तीस वर्षं मागे. बाल्टिमोर शहरात डंकन ब्लॅक आणि अलॉन्झो डेकर या दोघांनी १९१० मध्ये छोटं वर्कशॉप काढलं. त्या काळी विजेचं ड्रिल असायचं, पण जड, आणि चालवायला दोन्ही हात अडकायचे. या दोघांनी पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका असं ड्रिल केलं. १९१७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. कोल्ट पिस्तुलावरून ही कल्पना आली असं सांगतात. आज जगात कुठलंही ड्रिल उचला, त्याच्यात ही मूठ आहे.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांतले कामगार कंपनीची ड्रिल घरी न्यायला लागले. घरी खुंट्या ठोकायच्या, फळ्या बसवायच्या म्हणून. कंपनीला यातून कळलं की हे यंत्र कारागीर नसलेल्या माणसालाही हवंय. १९४६ मध्ये त्यांनी घरगुती ड्रिल काढलं. साल लक्षात घ्या, १९४६. एकीकडे काउफमान सुई काढून पातं लावत होते, आणि त्याच वर्षी अटलांटिकपलीकडे अवजार पहिल्यांदा हौशी माणसाच्या हातात जात होतं. खटक्याची मूठ ही त्या हौशी माणसाची मूठ. पकडली की लगेच कळते, सोडली की यंत्र थांबतं, कोणी शिकवायला लागत नाही.

इथपर्यंत मी शीटमध्ये लिहून टाकलं होतं: बॅरल म्हणजे कारागिराची, डी म्हणजे हौशाची. आणि माझ्या मनात काय, तर मी सुताराचा नातू! मी बॅरलच घेणार.

पण अजून एक धागा राहिला होता, आणि तो आबांनी दिला. मी त्यांना फोनवर जिगसॉ कशी चालते ते सांगत होतो. म्हटलं, आबा, पात्याचे दात वरच्या दिशेला असतात, पातं वर जाताना कापतं. आबा लगेच म्हणाले, "म्हंजे ओढून कापती. आपली जुनी करवत तशीच हुती."

मला हे माहीतच नव्हतं. आज आपल्या दुकानात मिळते ती करवत पुढे ढकलताना कापते, तिचे दात टोकाकडे असतात. ही विलायती पद्धत. आपल्याकडच्या जुन्या करवतीचे दात मुठीकडे वळलेले असायचे, ती ओढताना कापायची. जपानी करवतही तशीच. यात साधं शास्त्र आहे. दोरी ढकलली तर वाकते, ओढली तर ताठ होते. पात्याचंही तेच. ढकलायचं पातं वाकू नये म्हणून जाड लागतं, ओढायचं पातं पातळ चालतं. आणि आपला सुतार काम करायचा जमिनीवर बसून, लाकूड पायानं दाबून. बसलेल्या माणसाला ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं.

आता मुठीकडे बघा. ढकलायच्या करवतीला तळहाताचा जोर मागून लागतो, म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या करवतीला बंद कमानीची मूठ आली, पंजा आत अडकवायची. ओढायच्या करवतीला त्याची गरज नाही, साधा सरळ दांडा पुरतो. म्हणजे मूठ कशी असावी हे जोर कुठल्या दिशेला लावायचा त्यावर ठरतं. जिगसॉमध्ये पातं स्वतःच ओढतं, त्या ओढीनं यंत्राचा तळ लाकडाला चिकटून राहतो. आपण फक्त पुढे न्यायचं आणि वळवायचं.

आणि इथे बॅरल ग्रिपची बाजू भक्कम होते. हात तळाच्या जवळ, लाकडाच्या जवळ. डी-हँडलमध्ये हात वीतभर वर. वरून पुढे ढकललं की यंत्र किंचित पुढे कलतं, वळणावर तर बाजूलाही कलतं. पातं एकाच टोकाला धरलेलं, खालचं टोक मोकळं. जाड लाकडात ते आधीच वाकायला बघत असतं, त्यात यंत्र कललं तर वरची रेघ बरोबर आणि खालची कड तिरकी. दुसरी गोष्ट, पातं वर येताना कापत असल्यानं लाकडाचा वरचा पापुद्रा उडतो, खालची बाजू स्वच्छ राहते. म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची. बॅरलवाले तर यंत्र उलटं धरून फळीच्या खालून कापतात, म्हणजे वर दिसणारी बाजू साफ येते. डी-हँडल उलटं धरायचं म्हटलं तर मनगट नको म्हणतं.

हे सगळं वाचताना मला आमचंच भोकरदन आठवलं. आता थोडं विषयांतर, पण तितकंसं नाही.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या ज्या नोंदी कोरल्यात त्यांत भोगवर्धनहून आलेल्या लोकांची नावं आहेत. केळणा नदीकाठी हे व्यापाराचं गाव होतं, सातवाहनांच्या काळात भरभराटीला आलेलं. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून तिथे उत्खनन केलं. त्यात हस्तिदंताची कोरलेली स्त्रीमूर्ती सापडली, तुटलेली. आणि तिचं साम्य कुणाशी, तर थेट इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधी भारतातून तिकडे पोचली होती. साधारण पंचवीस सेंटिमीटर उंच. लोक तिला पाँपेईची लक्ष्मी म्हणतात, काही अभ्यासक यक्षी म्हणतात, आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आधी ती मथुरेची असावी असं मानत. पण म. के. ढवळीकरांनी भोकरदनच्या मूर्तीवरून मत मांडलं की ती इथली असावी.

मी लहानपणी भोकरदनच्या बसस्टँडवर कितीदा उसाचा रस प्यायलोय, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. विचार करा, हस्तिदंत कुऱ्हाडीनं फोडायची वस्तू नाही. एवढा महाग माल, त्याचा भुसाही वाया जाऊ नये असा. तो बारीक दातांच्या पातळ पात्यानंच कापावा लागतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात कुणाच्या तरी हातात अशी करवत होती आणि तिला मूठ होती. त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही.

नावं क्वचितच उरतात. कार्ल्याच्या लेण्यात एक उरलंय. तिथल्या एका लेखात लिहिलंय की दाराचं तोंड घडवलं ते धेनुकाकटच्या सामी नावाच्या वढकीनं, वेणुवासाच्या मुलानं. वढकी म्हणजे सुतार. हिंदीतला बढई तोच. त्याच चैत्याच्या छताला सागाच्या कमानी आहेत, दोन हजार वर्षांच्या, अजून जागेवर. पुण्याहून तासा-दीड तासावर आहे, जाऊन बघा. मी जाऊन मान वर करून उभा राहिलो तेव्हा पहिला विचार आला, ही गोलाई त्यांनी कशानं काढली असेल? वाकस आणि पटाशी, आणि हात.

तिसरा थांबा, बॅटरी. हा भाग लवकर संपवतो, कारण यावर आपण वेगळा भाग केला होता. निकेल-कॅडमियमची बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये केली. ती वापरून ब्लॅक अँड डेकरनं १९६१ मध्ये बिनवायरचं ड्रिल आणलं. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या जमिनीत भोकं पाडली तीही बॅटरीच्या ड्रिलनंच, तिथे प्लग कुठे असणार! पण त्या बॅटऱ्या जड, आणि नुसत्या ठेवल्या तरी उतरायच्या. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन सेल बाजारात आणला, आधी कॅमेरे आणि लॅपटॉपसाठी. २००५ च्या सुमारास तो मोठ्या हत्यारांत आला. आज १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीनं जोडलेले असतात. पाच गुणिले ३.६, झाले १८. काही कंपन्या २० व्होल्ट लिहितात, ते पूर्ण चार्ज असतानाचे. माल तोच. त्यामुळे दुकानात कोणी "ही वीसची आहे" म्हणून जास्त पैसे सांगितले तर हसून सोडून द्या.

एक सावधगिरी मात्र घ्या. बॅटरी एका कंपनीची दुसरीला सहसा बसत नाही. पहिली बॅटरी घेतली की त्या घराण्याशी सोयरीक झाली असं समजा. पुढचं ड्रिल, ग्राइंडर सगळं त्याच घरातून. म्हणून जिगसॉ बघायच्या आधी बॅटरीचं घराणं बघा.

बिनवायरचं महत्त्व मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. मी शाळेत होतो तेव्हा गावात दहा-दहा तास लोडशेडिंग असायचं. रात्री दोनला लाइट येणार म्हणून माणसं मोटर चालू करायला शेतात जायची. आबांना एकदा कुणीतरी विजेचा रंधा घ्या म्हणून सुचवलं होतं. आबा म्हणाले होते, "लाइट असंल तवा काम, नसंल तवा काय रंध्याची पूजा करू?"

आता मूळ गोष्टीकडे. हे सगळं वाचून मी गावाकडे गेलो, एका मित्राची डी-हँडलची जिगसॉ आणि दुसऱ्याची बॅरलची, दोन्ही मागून. म्हटलं आबांना दाखवू, मगच विकत घेऊ. तुळई आधीच आरागिरणीवर नेऊन इंचभर जाडीच्या फळ्या पाडून घेतल्या होत्या. नेण्याआधी आबांनी लोहचुंबक दोरीला बांधून तुळईवरून फिरवायला लावलं. जुन्या लाकडात खिळे असतात, एक जरी पात्याखाली आला तर पातं तर जातंच, आरागिरणीवाल्याचं तोंडही ऐकावं लागतं. सात खिळे निघाले. सातवा आबांनीच ठोकलेला होता, पाळणा टांगायला. वडिलांचा पाळणा.

मी अंगणात फळी क्लॅम्पनं घट्ट बांधली, पेन्सिलीनं महिरप काढली आणि पहिलं डी-हँडलनं कापलं. वरून सुंदर. उलटं करून बघितलं तर वळणावर कड तिरकी गेली होती. मग बॅरलनं. फरक लगेच कळला. हात लाकडाला टेकल्यासारखा, पातं रेघेवरून हलेना. मी खुशीत म्हटलं, "आबा, ठरलं. हीच घेणार."

आबा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "दे इकडं."

दिली. त्यांनी नळीभोवती पंजा घालायचा प्रयत्न केला. बॅटरीच्या जिगसॉची नळी जाड असते, आत मोटर असते ना. अंगठा फाकला नाही. दुसऱ्या हातानं अंगठा ओढून बसवायला बघितलं, तरी नाही. काही बोलले नाहीत. यंत्र माझ्याकडे दिलं आणि धोतरावरचा भुसा झटकत बसले.

त्या अर्ध्या मिनिटात माझी शीट निकामी झाली. मी ज्याला कारागिराची मूठ म्हणत होतो ती आमच्या घरातल्या एकमेव कारागिराच्या हातात बसत नव्हती.

मी दुसरी दिली. डी-हँडलची कमान बारीक असते, बोटं आत घातली की पंजा आपोआप मिटतो. अंगठ्याला काही काम नसतं. आबांनी धरलं, खटका दाबला, दचकले, खटका सोडला, यंत्र थांबलं. परत दाबलं. परत सोडलं. असं चार-पाच वेळा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सोडलं की थांबतं."

"हो."

"हे बरंय."

रात्री जेवताना मी त्यांना विचारलं, काम का सोडलं होतं. हात तर नंतर गेले. आबांनी जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. गावात ते बलुतेदार होते. तिफण, वखर, नांगर, बैलगाडीची चाकं दुरुस्त करायची, तिफणीचं चाडं घडवायचं, पेरणीच्या तोंडाला तर रात्र-रात्र. बदल्यात सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं. कुणी पायली घालायचं, कुणी "पुढच्या साली" म्हणायचं. "मागायला लागायचं," एवढंच म्हणाले. मग लोखंडी अवजारं आली, गाड्यांना टायरची चाकं आली, ट्रॅक्टर आले. घरकाम उरलं होतं, तर माळवदं जाऊन स्लॅब आले.

तुम्हाला जालना माहीत असेल तर सळईचे कारखानेही माहीत असतील. राज्यभर जालन्याची सळई जाते. जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे, माझे दोन शाळूसोबती तिथे नोकरी करतात. पण आबांच्या बाजेवर बसून बघितलं तर गोष्ट वेगळी दिसते. जालन्याच्या सळईनं आबांच्या तुळईची जागा घेतली. त्यात कुणाचा दोष नाही. किल्लारीनंतर सळईच हवी होती. पण वडिलांनी वाकस हातात घेऊ नये, शाळेत जावं, हे आबांनी ठरवलं ते याचमुळे. "तुझ्या बापाला मी मुद्दाम शिकवलं नाही," म्हणाले. "त्यानं खळ्यावर उभं राहू नये म्हणून."

आणि मी, त्यांचा नातू, पगारातून पैसे टाकून तेच काम हौसेनं करायला निघालोय. मी "हौशाची मूठ" असं लिहून तिला खाली ठेवलं होतं. पण आमच्या घरात हौस ही गोष्ट यायला दोन पिढ्या लागल्यात. एकानं काम केलं, दुसऱ्यानं ते सोडलं, तेव्हा तिसऱ्याला ती परवडली. १९४६ मध्ये कारखान्यातून ड्रिल घरी नेणाऱ्या त्या कामगाराला मी आता जरा जास्त ओळखतो.

मी डी-हँडल विकत घेतली. दुकानदार म्हणाला, "बोललो होतो ना सर." मी काही बोललो नाही.

तिरक्या कडेचं काय केलं? त्याला उपाय आहेत, आणि हे कामाचं आहे म्हणून सांगतो. एक, डावा हात यंत्राच्या पुढच्या अंगावर, तळाच्या जवळ ठेवायचा, म्हणजे डी-हँडलमध्येही एक हात खाली येतो. दोन, पातं ढकलायचं नाही, त्याच्या गतीनं जाऊ द्यायचं. तीन, पातं पुढे-मागे झुलवायची जी कळ असते ती वळणावर शून्यावर ठेवायची. झुलणारं पातं सरळ कापताना वेग देतं, वळणावर कड फाडतं. चार, वळणासाठी अरुंद पातं. पाच, रेघेच्या बाहेर एक-दीड मिलिमीटर लाकूड सोडून कापायचं आणि उरलेलं कानशीनं रेघेला आणायचं. हा पाचवा उपाय आबांचा. म्हणाले, "यंत्रानं रेघंपर्यंत जायचं. रेघंवर हातानं."

ज्यांना स्वतःसाठी घ्यायचीय त्यांना माझा सल्ला असा: दुकानात जा आणि दोन्ही हातात धरा, बॅटरी लावून, कारण वजन बॅटरीनं बदलतं. हात मोठा असेल, वळणाचं बारीक काम जास्त असेल, टेबलावर काम करणार असाल, तर बॅरल घ्या, पश्चात्ताप होणार नाही. घरात एकाहून जास्त माणसं वापरणार असतील, कुणाची बोटं दुखत असतील, किंवा तुम्ही माझ्यासारखे नवखे असाल आणि सोडलं की थांबणारं यंत्र हवं असेल, तर डी-हँडल. दोन्ही बरोबर आहेत. यंत्र कुणाच्या हातात जाणार आहे हे आधी ठरवा. डोळ्यांना चष्मा लावा आणि लाकूड क्लॅम्पनं बांधा, मूठ कुठलीही असो.

पाळण्याची एक टोकाची फळी मी कापली. दुसरी आबांनी. मी समोरून फळी दाबून धरली होती आणि डावा हात त्यांच्या हाताखाली ठेवला होता. त्यांनी मध्ये तीनदा खटका सोडला, थोडं थांबले, बोटं मोकळी केली, परत लावलं. वीस मिनिटं लागली. कड उलटी करून बघितली, थोडी तिरकी आहे. माझ्याहून कमी.

ताईला मुलगी झाली. बारशाला पाळणा नव्या स्लॅबच्या कडीला टांगला, म्हणजे सळईलाच. आमच्याकडे जुनी म्हण आहे, जालना सोने का पालना. आमचा सागाचा आहे. तुळईत निघालेला तो सातवा खिळा आबांनी धुऊन-पुसून त्यांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवलाय, कशाला ते सांगितलं नाही.

तुमच्या घरात अशी जुनी हत्यारं असतील, कुणाच्या हातानं झिजलेली मूठ असेल, तर तिच्याबद्दल आम्हाला लिहून पाठवा. त्यावर एक पूर्ण भाग करायचा विचार आहे. भेटू पुढच्या भागात.